पाऊस थांबवणारी मुलगी, पाऊस पाडणारा बुदोरी

२०१९ च्या पावसाळ्यात दोन घटना एकाच सुमारास घडत होत्या. जपानमध्ये जुलै महिन्यात 'तेन्की नो को' हा चित्रपट प्रदर्शित झाला. प्रार्थना करून तोक्योवरचा पाऊस थांबवू शकणाऱ्या एका मुलीची ती गोष्ट. आणि त्याच पावसाळ्यात इकडे सोलापूरच्या आकाशात एक विमान ढगांच्या पायथ्याशी घिरट्या घालत होते. त्याच्या पंखांवर बसवलेल्या कांड्या जळत होत्या आणि त्यांतून क्षाराची बारीक भुकटी ढगात जात होती. तिकडे पाऊस थांबवण्याची कल्पना, इकडे पाऊस वाढवण्याचा प्रयोग.

हा चित्रपट भारतातही लागला, तो ऑक्टोबर २०१९ मध्ये. तो यावा म्हणून इथल्या तरुण प्रेक्षकांनी पन्नास हजारांहून अधिक सह्यांची मागणी केली होती. जपानी चलत्-चित्रपटांना, म्हणजे 'अ‍ॅनिमे'ला, आपल्याकडे केवढा प्रेक्षक आहे हे त्यावरून कळते. नववी-दहावीच्या वर्गात विचारून पाहा, निम्मी मुले चार-पाच नावे तरी सांगतील. शिक्षकांपैकी ज्यांचे बालपण १९९० च्या दशकात गेले त्यांनीही रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली पाहिलेला असतो. ती मालिका जपानमध्ये तयार झाली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

मुलांना जी नावे माहीत आहेत त्यांची चर्चा इथे करायची नाही. मारामारी आणि डोळे दिपवणारे स्फोट यांवर उभ्या असलेल्या मालिका मुले आपणहून शोधतात. आम्हाला सांगायचे आहे ते थोड्या मागे पडलेल्या, विज्ञानाशी प्रामाणिक राहू पाहणाऱ्या काही कृतींविषयी. त्यातही एकीविषयी जरा सविस्तर, कारण ती दुष्काळाची आणि पावसाची गोष्ट आहे. सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही येईल तेव्हा खरा. ही गोष्ट इथल्या वर्गात जितकी पोहोचेल तितकी मुंबईच्या वर्गात पोहोचणार नाही.

एका शिक्षकाने लिहिलेली गोष्ट

त्या कृतीचे नाव 'गुस्को बुदोरी नो देन्की', म्हणजे गुस्को बुदोरीचे चरित्र. मूळ गोष्ट केन्जी मियाझावा यांची, १९३२ सालची. मियाझावा (१८९६–१९३३) हे जपानच्या ईशान्येकडील इवाते प्रांतातले. १९२१ ते १९२६ या काळात हानामाकी गावच्या शेतकी शाळेत ते शिक्षक होते. माती आणि खते हा त्यांचा अभ्यासाचा विषय. पुढे नोकरी सोडून त्यांनी शेतकऱ्यांना खतांच्या मात्रा काढून देण्याचे काम केले. अवघ्या सदतिसाव्या वर्षी ते वारले. आज जपानमधल्या शाळकरी मुलाला त्यांचे नाव माहीत नाही असे सहसा होत नाही.

या गोष्टीवर दोन चित्रपट झाले. पहिला १९९४ चा, र्‍युतारो नाकामुरा यांचा. दुसरा २०१२ चा, गिसाबुरो सुगिई यांचा. दुसऱ्यात सगळी पात्रे मांजरांच्या रूपात आहेत. चित्रे अप्रतिम आहेत, पण मधले स्वप्नांचे भाग लांबले आहेत आणि शेवट धूसर केला आहे. वर्गासाठी आम्हाला १९९४ चा साधा, सरळ चित्रपट अधिक उपयोगी वाटतो. दोन्ही मिळाले नाहीत तर शिक्षकाने गोष्ट तोंडी सांगावी. तीही पुरेशी आहे.

बुदोरी हा एका लाकूडतोड्याचा मुलगा. सलग दोन वर्षे उन्हाळा थंड जातो, धान्य पिकत नाही. घरातले पीठ संपत आल्यावर वडील जंगलात निघून जातात, पाठोपाठ आईही जाते. उरलेले मुठभर धान्य मुलांना पुरावे म्हणून. धाकट्या बहिणीला एक अनोळखी माणूस टोपलीत घालून नेतो. एकटा उरलेला बुदोरी मग मिळेल ते काम करत राहतो. एका शेतकऱ्याकडे असताना भातावर रोग पडतो. मालक शेतात रॉकेल ओततो, आणि खालच्या शेतकऱ्यांशी त्यावरून भांडण होते. पीक जाते ते जातेच. पुढच्या वर्षी तोच रोग दिसू लागतो तेव्हा मालकाच्या वारलेल्या मुलाची पुस्तके वाचून बुदोरी लाकडाची राख आणि मीठ यांचा उपाय करतो आणि पीक वाचवतो. त्यानंतर मात्र दुष्काळ पडतो.

इथे थांबून मुलांना एक काम सांगता येईल. घरी आजी-आजोबांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारून यायचे. कोण खडी फोडायला गेले होते, घरात काय शिजत होते, गुरांचे काय झाले. सोलापूर जिल्ह्यात अशी माणसे अजून आहेत. जपानी लेखकाने लिहिलेले ते घर फार दूरचे नाही, हे मुलांना त्यांच्याच घरातून कळेल. एक फरक मात्र लक्षात आणून द्यावा. इवातेचा दुष्काळ थंडीने येत असे. भाताच्या लोंब्यांत दाणा भरायला लागणारी ऊबच मिळत नसे. आपला दुष्काळ पाण्यावाचून येतो.

पुढे बुदोरी शहरात जातो आणि ज्वालामुखी विभागात नोकरीला लागतो. (असा विभाग असावा ही कल्पनाच आम्हाला फार आवडते. तिथे भिंतीवर सगळ्या ज्वालामुखींचा नकाशा आहे आणि कोणता केव्हा हालचाल करतो ते दिव्यांवरून कळते.) शहराच्या दिशेने फुटू पाहणाऱ्या एका डोंगराला हे लोक समुद्राच्या बाजूने छिद्र पाडतात आणि लाव्हा समुद्रात सोडतात. १९७३ साली आइसलंडच्या हेइमाए बेटावर लोकांनी लाव्हावर समुद्राचे पाणी मारून त्याला थोपवले आणि बंदर वाचवले. मियाझावांनी हे लिहिले त्यानंतर ४१ वर्षांनी.

आकाशातून पडणारे खत

ज्वालामुखी विभागाचे दुसरे काम आपल्या विषयाचे आहे. एका वसंतात गावोगावी फलक लागतात. या उन्हाळ्यात पावसाबरोबर नायट्रोजनयुक्त खत पडेल, तेव्हा खत देताना तेवढे वजा धरा. पाण्याअभावी पडीक ठेवलेल्या शेतांतही यंदा लावणी करा, पीक जळणार नाही इतका पाऊस आम्ही पाडू. मग विभागाचे लोक ढगांवरून अमोनियम नायट्रेट पसरवतात. यासाठी लागणारी वीज समुद्राच्या भरती-ओहोटीवर चालणाऱ्या केंद्रांतून येते.

१९३२ सालच्या गोष्टीत हे आले आहे हे लक्षात घ्यावे. प्रयोगशाळेत शुष्क बर्फाने ढगात हिमकण तयार करून दाखवले ते व्हिन्सेंट शेफर यांनी, अमेरिकेत १९४६ साली. सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग बर्नार्ड व्हॉनेगट यांनी त्यानंतर लगेच दाखवला. मियाझावा त्यांच्या १४ वर्षे पुढे होते.

अर्थात कल्पना पुढची असणे आणि ती बरोबर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा तिची तपासणी करू.

पावसाबरोबर नायट्रोजन पडतो का? पडतो. वीज चमकते तेव्हा हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो, त्यापासून पुढे नायट्रिक आम्ल बनते आणि ते पावसात विरघळून जमिनीत येते. एका हेक्टरला वर्षाकाठी असे काही किलो मिळतात. विजेच्या ज्योतीतून खत बनवण्याचे कारखाने नॉर्वेत विसाव्या शतकाच्या आरंभी चालू होते, आणि मियाझावांसारख्या खतांच्या अभ्यासकाला ते ठाऊक असणारच. परंतु पिकाची सगळी गरज ढगांतून भागवायची तर विमानांचे तांडे लागतील. जे खत पिशवीतून मुळाशी घालता येते ते आकाशात नेऊन वाऱ्यावर सोडण्यात शहाणपण नाही.

ढगात क्षार टाकल्याने पाऊस वाढतो का? इथे प्रकरण अधिक रंजक होते. ढग म्हणजे वाफ नव्हे, पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. अशा थेंबाची त्रिज्या सुमारे एक शतांश मिलिमीटर. हे थेंब इतके हलके असतात की खाली पडतच नाहीत, वर चढणारी हवा त्यांना तोलून धरते. पावसाच्या मोठ्या थेंबाची त्रिज्या सुमारे एक मिलिमीटर धरा. त्रिज्या शंभरपट म्हणजे आकारमान शंभराचा घन, दहा लाख पट. दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. ते एकत्र येण्यासाठी टकरा व्हाव्या लागतात, आणि सगळे थेंब सारख्याच आकाराचे असले तर टकरा फारशा होत नाहीत. काही थेंब जरा मोठे असले तर ते वेगाने खाली सरकतात आणि वाटेतल्या लहानांना गिळत जातात.

आता पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटते ते आठवा. मिठाचा कण हवेतली वाफ ओढून घेतो. ढगाच्या पायथ्याशी असे कण सोडले तर त्यांच्यावर नेहमीपेक्षा मोठे थेंब तयार होतात आणि टकरांना सुरुवात होते. शाळेच्या प्रयोगशाळेत कॅल्शियम क्लोराइड असते. त्याचे चार-पाच खडे काचेच्या बशीत घालून पावसाळी दिवशी खिडकीत ठेवा. काही तासांत खड्यांच्या जागी थारोळे दिसेल. सोलापूरच्या विमानाच्या कांड्यांतून हाच पदार्थ ढगात जात होता.

सोलापूरचा प्रयोग

हा प्रयोग पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा होता. संस्थेला हा विषय नवा नव्हता. १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत तिने पुण्याच्या पूर्वेला, बारामतीच्या बाजूच्या भागात, विमानातून मिठाची पूड ढगात सोडून पाहिली होती आणि पावसात सुमारे २४ टक्के वाढ नोंदवली होती. परंतु तेव्हा ढगाच्या आत नेमके काय घडते हे मोजण्याची साधने अपुरी होती. २०१८ आणि २०१९ या दोन पावसाळ्यांत सोलापुरात ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न झाला. शहराच्या वेशीवरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात रडार बसवले गेले, भोवतालच्या परिसरात पर्जन्यमापके ठेवली गेली. बीजारोपण करणारे एक विमान, आणि ढगात शिरून थेंब मोजणारे दुसरे.

अभ्यासासाठी २७६ ढग घेतले. त्यांतल्या कोणत्यात क्षार सोडायचा आणि कोणता तसाच ठेवायचा हे शास्त्रज्ञाच्या पसंतीवर सोडले नव्हते. नाणेफेक केल्यासारखे ते यदृच्छेने ठरत होते. मुलांना हा भाग समजावून द्यायलाच हवा. नाही तर काय होईल? जो ढग काळाभोर दिसतो, जो तसाही बरसणारच आहे, त्यातच माणूस क्षार टाकेल, आणि पाऊस आला की श्रेय घेईल. ज्याने त्याने सांगितलेला नवस असाच फळतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, बीजारोपण केलेल्या ढगांखाली, वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रावर, सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास अधिक पाऊस पडला. फळ्यावर मांडून पाहा. एका ढगातून एरवी १० मिलिमीटर पाऊस पडला असता, तर आता ११.८ पडेल. १.८ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटेल. परंतु १०० चौरस किलोमीटर म्हणजे दहा कोटी चौरस मीटर. गुणाकार केला की एक लाख ऐंशी हजार घनमीटर पाणी येते, म्हणजे अठरा कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर अठरा हजार टँकर. उन्हाळ्यात टँकरमागे धावलेल्या गावातल्या मुलाला हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता दुसरी बाजू. ढगच नसेल तर? शून्याचे १८ टक्के शून्यच. बीजारोपणाने ढग तयार होत नाही. जो ढग किमान किलोमीटरभर उंच आहे आणि वाढतो आहे, त्यातूनच काही अधिक काढता येते. ऐन दुष्काळात नेमके असेच ढग दुर्मिळ असतात. त्यामुळे दुष्काळ पडला की विमान मागवणे हा उपाय नव्हे, हे शास्त्रज्ञही सांगतात. बरे वर्ष असताना अधिकचे पाणी पाडून ते साठवायचे, आणि साठवायला जागा हवी. सोलापुरातला सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या श्रमांतून खोदवून घेतला असे परंपरा सांगते. पाऊस कुठूनही येवो, कुदळ चुकत नाही.

मियाझावांच्या गोष्टीत यापुढे एक प्रसंग येतो, तो आम्हाला सगळ्यांत खरा वाटतो. एका गावात बुदोरीला शेतकरी घेरतात आणि बेदम मारतात. त्या वर्षी त्यांचे पीक भरमसाट वाढून आडवे झालेले असते, आणि आकाशातून खत टाकणाऱ्या विभागानेच ते केले अशी त्यांची खात्री झालेली असते. नंतर कळते की खताची मात्रा चुकीची सांगणाऱ्या एका शेतकी अधिकाऱ्याने आपली चूक विभागाच्या माथी मारली होती. बुदोरी रुग्णालयात पडल्यापडल्या ती बातमी वाचतो आणि हसतो. आपल्याकडेही दुष्काळी वर्षात 'विमानाने ढग पळवले' अशी कुजबुज होते. ती करणारा माणूस मूर्ख नसतो, गांजलेला असतो. त्याचे हातचे पीक गेलेले असते आणि त्याला कोणी काही समजावून सांगितलेले नसते. वर्गात यावर चर्चा घडवावी. आकाशात प्रयोग करायचा तर खालच्या माणसाला आधी काय सांगायला हवे?

ज्वालामुखीची ऊब

शेवटी पुन्हा एकदा थंड उन्हाळा येतो. बुदोरी आता सत्तावीस वर्षांचा आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी उबदार होईल का, असे तो आपल्या गुरूंना विचारतो. होईल, म्हणतात ते. एक विशिष्ट ज्वालामुखी फोडला तर तापमान सरासरी पाच अंशांनी वाढेल. मात्र तो फोडणाऱ्या शेवटच्या माणसाला तिथून सुटता येणार नाही. बुदोरी बाकीच्यांना परत पाठवतो आणि स्वतः बेटावर थांबतो. त्या वर्षी पीक येते, आणि त्याच्या आईवडिलांसारखी अनेक कुटुंबे तो हिवाळा पोट भरून काढतात.

कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते हे गणित स्वान्ते अर्‍हेनियस यांनी १८९६ साली मांडले होते. ते १९३२ मध्ये मुलांच्या गोष्टीत यावे हे विलक्षण आहे. परंतु ज्वालामुखीचा हिशेब इथे उलटा आहे. मोठा ज्वालामुखी फुटला की पृथ्वी तापत नाही, दोन-तीन वर्षे गार होते. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड वर स्थितांबरात जातो, त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात आणि ते सूर्यप्रकाश परतवतात. फिलिपाइन्समधला पिनाटुबो जून १९९१ मध्ये फुटला तेव्हा पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. १९९३ साली जपानचा उन्हाळा थंड गेला, ईशान्येकडे भात बुडाला आणि जपानला परदेशातून तांदूळ आणावा लागला. पिनाटुबोचा त्यात वाटा असावा असे मानले जाते. म्हणजे बुदोरीच्या उपायाने दुष्काळ हटला नसता, वाढला असता. पहिला चित्रपट त्याच्या पुढच्याच वर्षी आला.

आणि कार्बन डायऑक्साइड? जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षभरात जेवढा सोडतात तो माणसाने सोडलेल्याच्या एक टक्काही भरत नाही. मियाझावांच्या काळी हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे प्रमाण सुमारे ३१० होते, आता ते ४२० च्या वर गेले आहे. कोणीही बेटावर थांबले नाही. आपण चुली, कारखाने आणि मोटारी चालवत हे केले. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४ अंशांच्या घरात असताना हा पाठ घ्यावा.

आकाशगंगेचा तास

मियाझावांच्याच आणखी एका गोष्टीवर सुगिई यांनी १९८५ साली चित्रपट केला होता, 'गिन्गा तेत्सुदो नो योरु', म्हणजे आकाशगंगेच्या आगगाडीतली रात्र. तिची सुरुवात चक्क वर्गात होते. शिक्षक आकाशगंगेचा तक्ता दाखवून विचारतात, हा पांढुरका पट्टा म्हणजे काय? गरीब घरातल्या जिओवान्नीला उत्तर ठाऊक आहे, ते तारे आहेत. पण पहाटे आणि शाळेनंतर काम करून तो इतका थकलेला असतो की उभा राहून त्याला बोलताच येत नाही. मग शिक्षक त्याच्या हुशार मित्राला विचारतात, आणि तोही गप्प राहतो, मित्राला ओशाळवाणे वाटू नये म्हणून. आपल्या वर्गात उत्तर न देणारे सगळेच अभ्यास न केलेले नसतात.

यानंतर शिक्षक जे प्रात्यक्षिक दाखवतात ते कोणत्याही शाळेत करता येईल. फुगीर भिंगाच्या आकाराच्या पारदर्शक डब्यात चमकत्या वाळूचे कण भरलेले आहेत. आपण मध्ये आहोत अशी कल्पना करा. भिंगाच्या पातळ बाजूने पाहिले तर थोडे कण दिसतील. लांबट बाजूने पाहिले तर कणांमागे कण, आणि शेवटी नुसता पांढरा पट्टा. आकाशगंगा पट्ट्यासारखी का दिसते याचे इतके सोपे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतही क्वचितच सापडते. दोन बशा एकमेकींवर उपड्या ठेवून, मोहरी भरून, हे करता येईल. एक भर मात्र घालावी: आपण मधोमध नसून बऱ्याच बाजूला आहोत. जपानीत आकाशगंगेला 'आमा-नो-गावा' म्हणतात, आकाशातली नदी. आपणही गंगाच म्हटले. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर शहराचे दिवे मागे टाकून नान्नजच्या माळरानाकडे गेले की ती दिसते.

आणखी तीन

'प्लॅनेटेस' (२००३–०४, २६ भाग) ही अंतराळातला कचरा उचलणाऱ्या कामगारांची मालिका आहे. काळ २०७५. या लोकांना कोणी वीर म्हणत नाही, त्यांचे कार्यालय तळघरात आहे आणि वरिष्ठ त्यांच्या खर्चावर कात्री चालवत असतात. एक सुटा स्क्रू प्रवासी यानाच्या खिडकीवर आदळतो आणि माणसे मरतात, इथून गोष्ट सुरू होते. ते शक्य आहे का? दहा ग्रॅमचा स्क्रू, सापेक्ष वेग सेकंदाला दहा किलोमीटर. गतिज ऊर्जा पाच लाख जूल. हजार किलोची मोटार ताशी सुमारे ११४ किलोमीटर वेगाने येऊन आदळली तर तेवढीच ऊर्जा. २००९ साली दोन उपग्रह खरोखरच एकमेकांवर आदळले आणि त्यांचे हजारो तुकडे झाले. या मालिकेत चंद्रावर जन्मलेली एक बारा वर्षांची मुलगी आहे, अल्प गुरुत्वामुळे ती मोठ्या बाईएवढी उंच झालेली आहे. तिचा भाग जरूर दाखवावा. काही भागांत मोठ्यांची भाषा आणि हिंसा आहे, तेव्हा आधी स्वतः पाहून निवड करावी.

'होशी नो कोए' (२००२) जेमतेम पंचवीस मिनिटांची. माकोतो शिनकाई यांनी ती घरच्या संगणकावर जवळजवळ एकट्याने केली. पुढे 'तेन्की नो को' करणारे तेच. पंधरा वर्षांची मुलगी अंतराळयानातून मित्राला निरोप पाठवते. यान दूर जाते तसे निरोप उशिरा पोहोचतात, आणि व्याध तऱ्याच्या परिसरातून पाठवलेला निरोप साडेआठ वर्षांहून अधिक काळाने मिळतो. ती पंधरा वर्षांचीच आहे, वाचणारा चोवीस वर्षांचा. व्याधाचे अंतर ८.६ प्रकाशवर्षे हे पाठ करणारा विद्यार्थी ते विसरतो, ही मुलगी पाहिलेला विसरणार नाही. एक खोच मुलांनीच काढावी: यान जर क्षणात एवढी झेप घेऊ शकते, तर त्याच यानाने पत्र का नेले नाही? जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिले बक्षीस मिळवले. ती आणि ही फिल्म एकाच आठवड्यात वर्गाला द्यावी.

आणि महाशक्तीवाल्या वीरांवाचून ज्यांचे समाधान होणार नाही त्यांच्यासाठी 'टायगर अँड बनी' (२०११). यातले वीर पोशाखावर कंपन्यांच्या जाहिराती मिरवतात, ही गंमत आपल्या क्रिकेटपटूंमुळे लगेच कळते. नायक मध्यमवयीन, विधुर, एका मुलीचा बाप. त्याची शक्ती पाच मिनिटे शंभरपट होते, मग तासभर विश्रांती. गणित असे: साधा माणूस अर्धा मीटर उडी मारत असेल तर हा पन्नास मीटर मारील. वर जाणे ठीक, पण खाली येताना वेग सेकंदाला ३१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ११२ किलोमीटर. स्नायू शंभरपट झाले; गुडघ्यांचे काय? हाडे, कंडरा, त्वचा, हृदय हे सगळेच शंभरपट व्हायला हवे, आणि त्या पाच मिनिटांची ऊर्जा कुठून तरी यायला हवी. पहिल्याच तासाला एखादा मुलगा म्हणेल की तो डाळभात भरपूर खात असेल. मग एका ताटात किती कॅलरी असतात आणि त्यांचे जूल किती होतात, हा हिशेब त्यालाच करायला सांगावा.